तलावातली जाम फिटिंग : जोर कुठे लावायचा, कुठे नाही



अर्नाळा, राजोडी, कळंब, नवापूर या आपल्या किनाऱ्यावर रिसॉर्टची रांग आहे. विरार-नालासोपाऱ्याच्या मोठ्या गृहसंकुलांतही आता पोहण्याचे तलाव झाले आहेत. आपल्या बचत गटांतल्या कितीतरी जणी तिथे साफसफाईला जातात. काठ घासणं, जाळीतला पालापाचोळा काढणं, फरशीवरचं शेवाळ खरवडणं ही कामं त्यांच्याच वाट्याला येतात. मे महिन्याची गर्दी सरली की पावसाआधी दुरुस्त्या निघतात. मग एखादी जाळी निघत नाही, एखादी तोटी फिरत नाही, एखादा स्क्रू जागच्या जागी बसलेला असतो. सुपरवायझर म्हणतो, "मावशी, हातोडीने दोन फटके द्या ना, निघेल." फटके बसतात, तुकडा निघतोही. पण पुढच्या महिन्यात तलावाचं पाणी रोज दोन बोटं खाली जायला लागतं, आणि ठपका मावशीवर येतो.

म्हणून आज या अडकलेल्या फिटिंगबद्दल बोलू या. सगळ्या बोलण्याचं सार सुरुवातीलाच सांगते. तलावाच्या फिटिंगचे दोन भाग असतात. एक भाग भिंतीच्या काँक्रीटमध्ये पुरलेला असतो. दुसरा त्यात फिरवून बसवलेला छोटा तुकडा. छोटा तुकडा दुकानात मिळतो. भिंतीतला भाग बदलायचा तर फरशी फोडा, काँक्रीट फोडा, पुन्हा वॉटरप्रूफिंग करा. तेव्हा काढताना छोटा तुकडा मोडला तरी चालेल, पण भिंतीतल्या भागाला धक्का लागता कामा नये. पुढचं सगळं याच हिशेबाने आहे.

आधी पाण्याची वाट समजून घेऊ

तलावातलं पाणी एका जागी उभं नसतं. तळाशी खोलगट जागेत एक जाळीचं झाकण असतं, त्याला मेन ड्रेन म्हणतात. काठाला पाण्याच्या पातळीवर चौकोनी तोंड असतं, ते स्किमर. काही तलावांना त्याऐवजी काठाभोवती जाळीची पन्हळ असते. या जागांतून मोटार पाणी ओढते, ते वाळूच्या फिल्टरमधून जातं, आणि भिंतीतल्या गोल तोट्यांमधून परत तलावात येतं. त्या तोटीला इनलेट म्हणतात. भिंतीत आणखी एक तोंड असतं, तिथे तळ साफ करायच्या व्हॅक्यूमचा पाईप लावतात. ते एरवी बुचाने बंद असतं.

यातले बहुतेक तुकडे दीड इंची किंवा दोन इंची असतात आणि आट्यांवर बसतात. आटे म्हणजे बरणीच्या झाकणाला आतून असतात त्या वळणदार रेघा. प्लंबर त्यांना चुडी म्हणतात. वस्तू आपल्या ओळखीचीच आहे, फक्त जागा नवी.

फिटिंग अडकते का?

कारण समजल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. ताप आला म्हणून कुठलीही गोळी आपण देत नाही, तसंच हे.

पहिलं कारण क्षार. आपल्या पश्चिम पट्ट्यात बावखलं बुजत गेली, बोअरचा उपसा वाढला, आणि कितीतरी विहिरींचं पाणी मचूळ झालं. असं बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी तलावात भरलं की त्यातलं कॅल्शियम आट्यांच्या फटीत जाऊन बसतं. गिझरच्या कॉइलवर किंवा पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला जो पांढरा थर दिसतो, तोच हा थर. तोटीभोवती पांढरी, खरखरीत कड दिसली तर कारण क्षार समजा.

दुसरं कारण गंज. समुद्राची खारी हवा आणि तलावातलं क्लोरीन, दोन्ही धातूचे वैरी. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आट्यांमध्ये तो पाचरीसारखा ठासतो. पितळेचं वेगळंच असतं. क्लोरीनच्या आणि खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे तांबूस, सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. पितळेची फिटिंग गुलाबी दिसायला लागली तर ती जोर लावल्यावर फिरण्याऐवजी तुटेल, हे आधीच समजून घ्या.

तिसरं कारण माणसाचा हात. बसवणाऱ्याने गरजेपेक्षा जास्त आवळलं, आटे तिरके चढवले, किंवा टाइल लावताना फिटिंगच्या कडेला सिमेंट आणि ग्राउट भरलं. यातलं ग्राउट सर्वांत सोपं असतं. कड खरवडली की तुकडा मुकाट्याने फिरतो.

चौथं कारण सोल्युशन. पीव्हीसी पाईप चिकटवायचं सोल्युशन हा नुसता गोंद नाही. ते प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं आणि दोन तुकडे वितळून एक होतात. आट्यांवर कोणी सोल्युशन लावलं असेल तर ती फिटिंग फिरवून कधीच निघणार नाही. बारकाईने पाहिलं तर कडेला चकचकीत, सुकलेला ओघळ दिसतो. तो दिसला की पाना खाली ठेवा.

हात लावण्याआधी

मोटार बंद करा. नुसतं बटण नको, पॅनेलवरचा एमसीबी खाली पाडा आणि तिथे पाटी लावा किंवा एक जण उभी करा. आपण ड्रेनजवळ वाकलेलो असताना दुसऱ्याने अजाणता मोटार चालू करणं हा सर्वांत मोठा धोका. पाण्यातल्या दिव्याची फिटिंग असेल तर ती इलेक्ट्रिशियनचीच.

पंपरूममध्ये काम असेल तर आणखी दोन गोष्टी. मोटारीच्या पुढे केराची टोपली असते, तिचं पारदर्शक झाकण अनेकदा जाम वाटतं. ते खरं जाम नसतं. आत हवेची पोकळी तयार होऊन ते ओढलेलं असतं. मोटार बंद करून हवा सोडायचा छोटा कॉक उघडला की आत हवा शिरते आणि झाकण सुटतं. फिल्टरचं उलट असतं. त्यात दाब भरलेला असतो. वरच्या घड्याळाचा काटा शून्यावर आल्याशिवाय फिल्टरचं झाकण किंवा पट्टा सैल करायचा नाही. दाबाखालचं झाकण उडून माणसं दगावली आहेत.

तलाव रिकामा करायचा की नाही, हे मालकाने आणि जाणकाराने ठरवायचं. इनलेटच्या कामाला बहुतेक वेळा पाणी तोटीच्या खाली एक वीतभर उतरवलं की पुरतं. आणि पावसाळ्यात पूर्ण रिकामा करूच नये. आपल्याकडे आषाढ-श्रावणात जमिनीतलं पाणी किती वर येतं, हे विहिरी पाहिलेल्या बाईला सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते, ते आठवतं ना? भरलेला तलाव स्वतःच्या वजनाने जमिनीवर बसून असतो. रिकामा केला की खालचं पाणी त्याला वर ढकलतं. तळाला तडे जातात, कधी अख्खा तलाव उचलला जातो.

सोडवायच्या पायऱ्या

सौम्य उपाय आधी. एक उपाय लागू पडला नाही तरच पुढचा.

एक : कड मोकळी करा. जुना दात घासायचा ब्रश आणि लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घेऊन भोवतालचा थर, शेवाळ, ग्राउट काढा. लोखंडी पट्टीने आट्यांना ओरखडे पडतात.

दोन : क्षार असेल तर आंबट लावा. व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्व कापडाला लावून ते कापड तोटीवर तासभर गुंडाळून ठेवा. थर फसफसून मऊ होतो. लागलं तर पुन्हा करा. आधी ती जागा साध्या पाण्याने धुवायला विसरू नका. का, ते पुढे सांगते.

तीन : आधी किंचित आवळा, मग सोडवा. हे उलटं वाटेल, पण अगदी थोडं पुढे फिरवलं की आट्यांमधला थर तुटतो, आणि मग मागे फिरवणं सोपं जातं. सोडवायचं म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने. थोडं पुढे, थोडं मागे, असं करत राहा. एकदम हिसका नको.

चार : पकड सुधारा. लोणच्याच्या बरणीचं झाकण आपण ओल्या हाताने नाही उघडत, रबरी फडकं घेतो. तसंच रबरी हातमोजा किंवा पट्ट्याचा पाना वापरा. लोखंडी दातांचा पाईप पाना प्लास्टिकला एका बाजूने दाबतो, तुकडा अंडाकृती होतो आणि आणखीच घट्ट बसतो. भिंतीच्या आत बसलेल्या तुकड्यासाठी आतून फाकून पकडणारा पाना मिळतो. तो तुकड्याच्या पोकळीत घालायचा आणि फिरवायचा. रोज हे काम करणाऱ्यांनी तो घेऊन ठेवावा.

पाच : ऊब द्या. एकात एक अडकलेले दोन स्टीलचे पेले आपण कसे सोडवतो? बाहेरून गरम पाणी, आतल्या पेल्यात गार पाणी. बाहेरचा फुगतो, आतला आकसतो. धातूच्या फिटिंगला हेच लागू पडतं. प्लास्टिकला मात्र जपून. पीव्हीसी साधारण ८० अंशांना मऊ पडायला लागतं. गरम पाण्यात भिजवलेलं जाड फडकं पाच मिनिटं धरलं की पुरतं. मेणबत्ती, लायटर, ब्लो लॅम्प यांची ज्योत कधीच नाही. पीव्हीसी जळलं की त्यातून आम्लाचा जहरी धूर निघतो.

सहा : काहीच चाललं नाही तर कापा. आता तुकड्याचा बळी द्यायचा. हॅक्सॉचं नुसतं पातं घ्या, एका टोकाला जाड कापड गुंडाळा म्हणजे हात कापणार नाही. पातं तुकड्याच्या पोकळीत घालून आतून बाहेरच्या दिशेने हळूहळू चीर पाडा. शेजारी अंगठ्याएवढं अंतर सोडून दुसरी चीर पाडा. चीर तुकड्याच्या जाडीत जवळजवळ आरपार जाऊ द्या, पण भिंतीतल्या आट्यांना पातं टेकण्याआधी थांबा. दोन-चार घासांनंतर पुसून पाहायचं, पुन्हा घासायचं. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने मधली पट्टी आतल्या बाजूला उचकटा. पट्टी निघाली की उरलेला गोल सैल पडतो, पकडीने आत दुमडून बाहेर ओढता येतो. बांगडी हातात रुतली तर साबण लावून पाहतो, नाहीच निघाली तर सोनार बांगडी कापतो, हाताला कापत नाही. हे तसंच.

आणि सोल्युशनने चिकटवलेली फिटिंग? ती गरम हवेच्या यंत्राने मऊ करून आतून सोलून काढतात. ते काम सरावलेल्या प्लंबरचं. त्यात आपण पडायचं नाही.

स्क्रू अडकला असेल तर त्याच्या खाचेत नीट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. खाच झिजली असेल तर मध्ये रुंद रबरबँड ठेवा, अंगाचा भार देऊन दाबा आणि हळू फिरवा. दाब जास्त, फिरवणं कमी. गंजलेल्या धातूला गंज सोडवायचं तेल रात्रभर लावून ठेवता येतं, पण ते पंपरूममध्ये किंवा कोरड्या तलावात, आणि फक्त धातूला. एबीएस प्लास्टिकला अशा तेलाने बारीक तडे जातात. इनलेटच्या तोट्या बऱ्याचदा त्याच प्लास्टिकच्या असतात.

दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत

एक, हातोडी. फटका तुकड्यावर बसतो, पण हादरा काँक्रीट आणि पाईपच्या जोडापर्यंत जातो. तिथला तडा डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला दिसतो.

दुसरी, अ‍ॅसिड आणि क्लोरीन एकत्र. तलावात टाकायचं क्लोरीन म्हणजे आपल्या गावच्या विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरच्याच जातीचं. त्यावर बाथरूमचं अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. रिकामा तलाव म्हणजे खड्डाच. वायू तळाशी जमतो आणि तिथेच आपण ओणवं बसलेलो असतो. डोळे चुरचुरले, घसा आवळला, खोकला सुरू झाला, तर सामान तिथेच टाकून वर या, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला जा, आणि खोकला थांबला नाही तर दवाखाना गाठा. म्हणूनच मघाशी म्हटलं की व्हिनेगर लावायच्या आधीसुद्धा जागा साध्या पाण्याने धुवा. दोन्ही डबे एका कपाटात ठेवू नका, आणि एका बादलीचा वापर दोन्हींसाठी करू नका.

परत बसवताना

पुढच्या वर्षी हीच फिटिंग हाताने निघावी असं वाटत असेल तर बसवताना काळजी घ्या. भिंतीतले आटे ब्रशने साफ करा. नव्या तुकड्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या. वेढे तुकडा ज्या दिशेने आवळणार त्याच दिशेने द्यायचे, नाहीतर बसवताना टेप उलगडते. पहिले दोन आटे बोटांनी चढवा. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके चढलेत, काढून पुन्हा लावा. शेवटी हाताने घट्ट आणि वर थोडंसं, इतकंच. आट्यांना सोल्युशन नाही.

रबरी रिंग असेल तर तिला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन किंवा गाडीचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. धातूचे स्क्रू घेताना ३१६ नंबरचं स्टेनलेस स्टील मागा. ३०४ पेक्षा ते खाऱ्या हवेत आणि क्लोरीनमध्ये जास्त टिकतं, कारण त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो. आणि पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राहिला तर क्षारही कमी बसतात, धातूही कमी खातो.

ड्रेनचं झाकण

आता सर्वांत महत्त्वाचं. इनलेटची तोटी तुटली तर पाणी गळेल. तळाच्या ड्रेनचं झाकण तुटलं तर जीव जाऊ शकतो.

मोटार त्या जागेतून पाणी ओढत असते. वर जाळीचं झाकण असेल तर ओढ चहूबाजूंनी विभागली जाते. झाकण नसेल आणि लहान मुलाचं अंग त्या तोंडावर बसलं, किंवा लांब केस आत गेले, तर ओढ एकाच जागी येते. अशा वेळी पोराला वर ओढणं मोठ्या माणसालाही जमत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर नावाची ७ वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या टबमध्ये ड्रेनच्या ओढीने अडकून बुडाली. ती तिथले माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. पोहता येणारी मुलगी होती. तिच्या आईने नेटाने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये मुलीच्याच नावाने कायदा झाला. सार्वजनिक तलावांच्या ड्रेनला अंग अडकणार नाही असं झाकण तिथे सक्तीचं झालं. एकाच ड्रेनऐवजी एकमेकांपासून किमान तीन फूट अंतरावर दोन ड्रेन असावेत, हीही खबरदारी सांगितली जाते. एक झाकलं गेलं तरी ओढ दुसरीकडे जाते.

याचा आपल्या कामाशी संबंध असा, की ड्रेनचं झाकण साफ करायला आपणच उतरतो. एक स्क्रू निघत नाही म्हणून तो तोडला आणि झाकण तीन स्क्रूंवर ठेवलं, झाकणाला तडा गेला तरी "चालेल" म्हणून बसवलं, वा झाकण काढून नवं येईपर्यंत तसंच पाणी भरलं, यातलं काहीही चालत नाही. झाकण पूर्ण, न तडकलेलं आणि सगळ्या स्क्रूंनी बसेपर्यंत मोटार बंद आणि तलाव बंद. शनिवारी पिकनिकच्या चार बसगाड्या येणार असल्या तरी बंद. सुपरवायझर ऐकत नसेल तर मोबाइलवर झाकणाचा फोटो काढा आणि मालकाला पाठवा. आपल्या मुलीचा पाय तिथे पडू शकतो, हे त्यालाही समजतं.

हे काम आणि त्याचा मोबदला

शेवटी आपल्या गटांसाठी थोडं. साफसफाईच्या पगारात फिटिंगचं काम गृहीत धरू नका. ते वेगळं कसब आहे. कड मोकळी करणं, बुचं आणि तोट्या काढून धुणं, रिंग बदलणं, पुन्हा बसवणं एवढं ज्या बाईला नीट येतं तिच्या कामाचा दर वेगळा लावून घ्या, आणि तो आधी ठरवा. गटात चार-पाच जणी शिकल्या तर पट्ट्याचा पाना, आतून पकडणारा पाना, हॅक्सॉची पाती, ब्रश, टेप, ग्रीस, हातमोजे आणि गॉगल अशी एक पेटी गटाच्या पैशातून घेता येते. दोन-तीन संकुलांचं काम मिळालं तर ती फिरवून वापरता येते.

ज्या मुलींना यातच पुढे जायचं असेल त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. प्लंबिंग हे पुरुषांचं काम, असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. घरातला नळ गळला की वायसर बदलायला कोण धावतं, ते आपल्याला माहीतच आहे.

उद्या कामावर गेलात की तलावाच्या भिंतीतल्या तोट्यांकडे एकदा नीट पाहा. पांढरा थर आहे, तांबूस डाग आहे, की सोल्युशनचा ओघळ? आणि तळाच्या झाकणाचे स्क्रू मोजा. चार असायला हवेत आणि तीनच दिसले, तर त्याच दिवशी सांगा.